वरली वाट

आबा, सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. पाय घरात ठरत नाहीत. काल शेजारी नवं बिऱ्हाड आलं, शिराळ्याकडची नवराबायको. त्यांनी विचारलं, साताऱ्यात जेवायला कुठं जावं आणि किल्ल्यावर कुठनं चढावं. मी तुमचंच सगळं सांगून टाकलं. गाडीवाले जेवतात तिथं जेवा. पहिल्या पंगतीला बसा, मागाहून आमटीत पाणी वाढतं. चढायच्या आधी अर्धीच भाकरी खा. मग वाटेचं सांगायची वेळ आली. मावळतीकडून चढा, एवढं कसंबसं म्हणालो आणि आत आलो.

पलटण सोडल्यावर तुम्ही साताऱ्याला फारसे गेला नव्हता, पण शहर तुम्हाला तोंडपाठ होतं. मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला निघालो तेव्हा आठवडाभर चुलीपुढं बसून तुम्ही मला खानावळी सांगत होता. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पोराला शिकाय धाडताय का खायाला?" तुम्ही म्हणालात, "खाल्ल्याबिगर शिकतंय व्हय कोण?" आणि पुन्हा सुरू. गडाची वरली वाट धर, सावली असती. आपल्या गावात वरलं अंग म्हणजे नदी येते ती बाजू, मावळतीची. हे रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

लढाईचे दिवस होते. साखर मिळत नव्हती, हॉटेलात गुळाचा चहा. सहा महिन्यांत मी 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला शिकलो होतो, साताऱ्याची तीन पोरं माझे दोस्त झाली होती, आणि तुमचं कार्ड आलं. ऐतवारी येतो, वरल्या वाटेच्या पहिल्या वळणावर बसतो, बरोबर गड चढू, मग माझ्या खानावळीत तुला जेवू घालतो. दोस्त त्या दिवशी भल्या सकाळीच मला वर ओढून घेऊन गेले. म्हटलं, उतरताना तुम्हाला गाठू. तटावरून खाली बघतो तर तुम्ही दगडावर बसलाय. तांबडा पटका, पलटणीतले बूट, मोजे नाहीत, मांडीवर भाकरीचं गाठोडं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून काहीतरी विचारताय, हातानं माझी उंची दाखवताय. एक दोस्त हसला, "हा रे कुठला पाहुणा?" मी म्हणालो, "चला, इकडच्या उभ्या चढानं उतरू, लवकर पोचू." खाली येऊन आम्ही भजी खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी तुम्ही खोलीवर आलात. चेहरा उन्हानं काळवंडलेला. रागावला असता तर बरं झालं असतं. "कुठं हुतास रं? जीव टांगणीला लागला माजा." मी म्हणालो, वरली म्हणजे मला चढाची वाट वाटली. तुम्ही गाठोडं खाली ठेवलंत. मग म्हणालात, "माजंच चुकलं. शेरात वरली म्हंजी चढाचीच की." तोवर खानावळीतल्या पंगती उठल्या होत्या. खोलीच्या पायरीवर बसून आपण ती वाळलेली भाकरी चटणीशी खाल्ली. खानावळ पुढच्या खेपेला, म्हणालात. पुढची खेप झाली नाही. त्याच सालच्या अखेरीला तुम्ही अंथरूण धरलंत, ते पुन्हा उठला नाहीत.

आई सांगायची, गावातलं कुणीही साताऱ्याला निघालं की तुम्ही अंथरुणातून हाक मारून सांगायचात, "मावळतीची वाट धर. वरली म्हणू नगंस कुणाला, त्या शब्दापायी माजं पोरगं चुकलं हुतं." आपल्या जन्माचा शब्द तुम्ही माझ्यासाठी टाकून दिला. मी उशाशी बसून ते दोनदा ऐकलं आणि पाण्याचा तांब्या भरायला उठून गेलो.

त्या खानावळीच्या दारापर्यंत मी पुष्कळदा गेलोय, आत गेलो नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तरी लिहितो. आबा, वरली म्हणजे कुठली, ते मला ठाऊक होतं.