झिजलेली पट्टी

दादा,

सोमवारी वहिनी माझ्या टेप-दुरुस्तीच्या दुकानात आल्या. अकरा वर्षांनी. पर्समधून कॅसेट काढून म्हणाल्या, "भाऊजी, एवढी कॉम्प्युटरवर उतरवून द्या. कुणाची आहे ते सांगू नकोस, असं बजावलंय मला." जसं काही कॅसेटवरचं तुझं अक्षर मी ओळखणारच नाही!

कॅसेट आपल्या त्या जुन्या रॉक बँडची. त्यांच्या कॅसेटी माझ्याकडे ढिगाने येतात. प्रत्येक चाहता धांगडधिंग्याच्या गाण्यांबद्दल तावातावाने बोलतो. पण कॅसेट उघडली की ती गाणी कोरी करकरीत निघतात, आणि शेवटचं हळू गाणं, नुसता पियानो आणि कुजबुज, तेवढीच पट्टी मागेपुढे करून झिजलेली असते. 

तेव्हा आपल्या खोलीत मी ते गाणं लावलं की तू खेकसायचास, "बंद कर, कोण मेलंय?" मग तू क्लासला गेलास की मी दार लावून ऐकायचो.

आज तुझी कॅसेट उघडली. शेवटच्या गाण्यात आता खरखरच जास्त आहे. म्हणजे एका खोलीत राहून आपण एकमेकांपासून चोरून तेच ऐकत होतो. 

अकरा वर्षांपूर्वीच्या आपल्या भांडणाचं इथे काढत नाही. चूक माझीही होती, पण ते तुझ्या तोंडावर म्हणायला मला जमणार नाही.

दुसऱ्या कॅसेटवरून ते गाणं स्वच्छ भरून देता आलं असतं. मी तुझी खरखर तशीच उतरवलीय. उद्या वहिनींना "झालंय" एवढंच म्हणेन, आणि हे पत्र खणात राहील, माझ्या कॅसेटखाली. तीही त्याच गाण्यावर झिजलीय.

तुझा,
पलीकडच्या कॉटवरचा