बाहेरचा बाक

३ ऑगस्ट, रविवार

इंदूवहिनी जेवायला आल्या होत्या. माझी थोरली जाऊ. भाऊजी गेल्यापासून, मी विश्वस्त आहे त्या ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन आहेत, राहतातही तिथेच.

भांडी घासता घासता म्हणाल्या, "त्या पोट्टीनं दार वाजवलं होतं. मले ऐकू आलं. झोपेची गोळी घेतली होती – उठताच नाही आलं."

पोट्टी म्हणजे भावना, वसतिगृहातली मुलगी. मागच्या महिन्यात एका पहाटे तिला दम लागला. शेवटी मुलींनीच ऑटो करून दवाखान्यात नेलं. वाचली. ट्रस्टला मात्र वहिनींनी लिहून दिलं आहे की दार कोणी वाजवलंच नाही.

मी ताटं पुसत राहिले.

५ ऑगस्ट

शनिवारी विश्वस्तांची बैठक. भावनाच्या तक्रारीवर.

नातेवाइकाचा विषय निघाला की त्या विश्वस्तानं उठून बाहेर जायचं – हा नियम मीच आणला. अध्यक्ष यशवंतराव तेव्हा हसले होते. "मॅडम, इथं सगळेच एकमेकांचे पाहुणे. आत बसणार कोण?"

मी बाहेर जाईन, ते ठीकच. पण मला जे माहीत आहे, तेही माझ्याबरोबर बाहेर जाणार का?

यांना विचारलं. "काहून डोकं शिणवून राहिली? वहिनी जातील कुठं?"



९ ऑगस्ट, शनिवार

विषय निघाला. उठले. काही बोलले नाही.

"नियम म्हणजे नियम," यशवंतराव म्हणाले. "शिका जरा मॅडमकडून."

व्हरांड्यात पालकांसाठी बाक आहे. तिथं वहिनी बसल्या होत्या, आत बोलावतील म्हणून. माझ्याकडे बघत राहिल्या. "तू बाहेर?"

मी नियम समजावून सांगितला. आतून चहा आला, दोघींनी घेतला. आत कोणी बोलावलं नाही.

१० ऑगस्ट

प्रफुल्लभाऊ आमच्यातले सगळ्यांत तरुण विश्वस्त. त्यांचा फोन. "ताई, तक्रार निकाली. पाच मिनिटं नाही लागली. तुम्ही इतक्या इज्जतीनं उठल्या, मग तुमच्या घरच्या माणसावर बोट कोण ठेवणार?"

निर्णय सर्वानुमते. उलट मुलींनाच ताकीद. भावनाच्या वडिलांनी कळवलं – पोरीला परत पाठवत नाही. तिचं शेवटचं वर्ष होतं.

काही वाटत नाही. वाटायला हवं. भेंडी चिरली.

१३ ऑगस्ट

मत देऊ नये, चर्चेत बसू नये, एवढंच नियमात आहे. जे ठाऊक आहे ते सांगून मग उठायला कोणाची हरकत नव्हती. नियम माझाच. शनिवारीही हे मला माहीत होतं. सोयीचं तेवढं पाळलं.

यशवंतरावांना फोन केला. पुन्हा बैठक बोलवा, मी विश्वस्त म्हणून नाही, साक्ष द्यायला येईन.

"झालं ना आता, मॅडम. आपल्याच घराला काहून आग लावता?"

बोलवा म्हटलं. शेवटी 'हव, बोलावतो' म्हणाले.

वहिनींना आधी सांगायला हवं. त्यांचं छप्पर जाईल. आमच्याकडे राहतील – हे यांना अजून विचारलेलं नाही.

१४ ऑगस्ट

वसतिगृहात गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

वहिनींनी पलंगाखालून बॅग ओढली. भरलेली होती.

"त्या रविवारी तुले काहून सांगितलं मी? माझ्या तोंडून निघत नव्हतं. म्हटलं, तू आत सांगशील."