गोराईच्या पेटीतलं पाणी

वर्सोवा,
शनिवार दुपार

तीर्थरूप मोतनमावशींना,

तुमच्या बहिणीची सून गंधाली हिचा वर्सोव्याहून वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात आहे ना? वाळत घातलेले बोंबील मांजरांच्या तावडीतून वाचतायत ना? पत्र बघून दचकू नका, आमच्याकडे कोणी गेलेलं नाही. हल्ली पत्र कोण लिहितं म्हणा, पण तुम्ही आमच्या घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेत (माझ्या मुलुंडच्या आईचासुद्धा, आणि तिचा बिचारीचा या भांडणात काडीचा संबंध नाही), तेव्हा माझ्यापुढे कागदाशिवाय दुसरा मार्गच उरला नाही. गेल्या वर्षी तुमच्या हरेश्वरच्या साखरपुड्यात जे झालं, तो विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाहीये. (तुमच्या गोराईच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या पेटीकडे बोट दाखवून आमच्या सासूबाई, म्हणजे आई, नव्या व्याह्यांच्या देखत म्हणाल्या, "असल्या पाण्यात मी पाय पण नाय धुणार." हे चुकलंच. त्यावर तुम्ही भर मांडवात आईंचं नाव घेऊन म्हणालात की कमळच्या सुकटीत निम्मी वाळू असते. तेही काही फार बरोबर नव्हतं. पण विषय काढायचा नाही म्हणजे नाही.)

तर आईंची हकीकत सांगते. त्यांचा गुडघा बदलला हे कानावर आलंच असेल. ऑपरेशन झकास झालं, बाई मात्र पार खचली. मासळी बाजारातली जागा दुसरीला चालवायला द्यावी लागली ना, तिथेच सगळं बिनसलं. मावशी, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. धक्क्यावर लिलावात आवाज लावला की चार गडी गप्प बसायचे असली ही बाई, ती खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. खिडकीतून बंदर दिसतं ना, म्हणून पाठ. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, जिना चढा-उतरा. आई म्हणाल्या, "चालून जायचंय कुठं मना?" आणि जिना उतरायचं नावच नाही. बाजारातल्या बायका भेटायला आल्या की डोळे मिटून घ्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला बांगडा आणि सुरमई यांतला फरक कळत नव्हता (आमच्या मुलुंडच्या घरात मासा म्हणजे चित्रातला), तेव्हा ज्या बाईने मला हाताला धरून सगळा बाजार शिकवला, ती बाई अशी भिंतीकडे बघत बसलेली मला बघवेना. मी ऑफिसातून आले की आधी त्यांचं तोंड बघायची आणि मग चपला काढायची.

अशात प्रज्योतने काय करावं? तुमच्या भाच्याचं डोकं तुम्हाला माहीत आहे. साकीनाक्याला ऑफिसच्या खाली रंगीत माशांचं दुकान आहे, तिथून काचेची पेटी, हवेवर चालणारा एक स्पंजचा फिल्टर आणि एक मासा घेऊन आला. एकच. फायटर म्हणतात त्याला, बोटाएवढा, निळाजांभळा, आणि पाठीमागे ही एवढी झुपकेदार शेपटी. मच्छीवालीला मन रमवायला मासा आणून देणारा हा जगातला पहिला मुलगा असावा. आई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "सगला जनम मच्छीत गेला, हा एक र्‍हायला होता? याचं कालवण पण नाय व्हायचं." पण बोलता बोलता तोंड काचेजवळ नेलं आणि त्या टिचभर प्राण्याने दोन्ही कल्ले फुगवून, शेपटीचा पंखा करून थेट आईंच्या अंगावर चाल केली. आई मागे सरल्या. मग हसल्या, अगदी पदर तोंडाला लावून. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, मावशी. म्हणाल्या, "अंगावर घासभर मांस नाय, नि रुबाब बघ, जशी बोट याच्या बापाची." झालं, त्याच मिनिटाला त्याचं नाव नाखवा पडलं.

आता यात एक शास्त्र आहे. ते प्रज्योतने मला समजावलं, मी आईंना समजावलं, आणि तिघांना तीन प्रकारे समजलं. मासा पाण्यात घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि तो माशाला विष. नवीन पेटीत तो खाऊन टाकणारे कोणी नसतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू हळूहळू येतात, त्या स्पंजात बिऱ्हाड करतात आणि विष खात बसतात. नीट रीत अशी की आधी हे जंतू वाढवायचे आणि मग मासा आणायचा. आम्ही भाडेकरू आधी राहायला आणला आणि मोरी मागाहून बांधायला घेतली. मग मोरी होईपर्यंत रोज थोडं पाणी काढायचं, थोडं नवीन घालायचं, आणि एका काचेच्या नळीत पाण्याचा नमुना घेऊन त्यात थेंब टाकून बघायचं. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर वाट लागली.

हे पाणी बदलायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलं, आणि काय सांगू तुम्हाला, बघत राहावं असं काम. स्टूल ओढून बसणार, पेल्याने पाणी काढणार, पेल्यानेच घालणार, धार काचेला लावून, नाखव्याला धक्का नको म्हणून. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचे थेंब असतात, ते डोळ्यांत औषध घालावं तसे मोजून. गुडघ्यासाठी डॉक्टर घसा फोडून सांगत होते ते उठणं-बसणं नाखव्यापायी आपोआप व्हायला लागलं. चुकाही झाल्या. उकाडा वाढला तशी आईंनी सवयीने बर्फाची लादी सांगितली (मासा म्हटलं की बर्फ, त्यांचाही नाइलाज), ती प्रज्योतने जिन्यातूनच परत पाठवली. माझ्या मुलुंडच्या आईने फोनवर सांगितलं की पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवा, आमच्याकडे सगळे तेच पितात, कुणाचं पोट म्हणून बिघडत नाही. हंडा घासूनपुसून सज्ज झाला आणि मग दुकानदाराने सांगितलं की तांबं माशाला बाधतं. तेव्हापासून हंड्यात छत्र्या ठेवतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते आईंच्या नाकाचं. ज्या नाकाने त्या टोपलीवरचं फडकं न काढता सांगतात की हलवा कालचा आहे, त्या नाकाने पेटीचा वास घेतला आणि निकाल दिला, "ताजं हाय." आणि नळी हिरवीगार. आईंनी नळीकडे असं बघितलं, जसं बाजारात समोरच्या फळीवरची नवी पोरगी गिऱ्हाईक पळवून नेते तेव्हा बघतात. पण मावशी, मोठेपणा बघा. दुसऱ्या दिवसापासून नाक बाजूला ठेवलं आणि नळीला मान दिला. या वयात, या हुशारीवर, एका काचेच्या नळीचं ऐकायचं म्हणजे सोपं नाही. मला तरी जमलं नसतं.

एवढं करून नळी काही पिवळी होईना. उलट हिरवा रंग गडद होत चालला. नाखवा तळाला जाऊन बसायला लागला, शेपटी मिटलेली, खाणं समोरून खाली जाई तरी ढुंकून बघेना. मधूनच कसाबसा वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली. आईंनी भात निम्मा केला. विचारलं तर म्हणाल्या, भूक नाय. शेवटी मी दुकानदाराला फोन केला, त्याने दहा गोष्टी विचारल्या, आणि स्पंज कधी धुता असं विचारल्यावर मी अभिमानाने म्हटलं, आमच्या सासूबाई रोज धुतात. पलीकडे त्याने कपाळावर हात मारलेला मला फोनवरून ऐकू आला.

कारण असं होतं, मावशी. आई रोज सकाळी स्पंज काढून नळाखाली धरायच्या, ब्रशने घासायच्या, पिळायच्या, पुन्हा घासायच्या. ती त्यांची मासे मांडायची फळी धुण्याची सवय. तुम्हाला सांगायला नको, बाजारात आईंच्या फळीसारखी स्वच्छ फळी दुसरी नव्हती, गिऱ्हाईक फळी बघून थांबायचं. त्याच इमानाने त्या स्पंज धुत होत्या, आणि जे जंतू यावेत म्हणून आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो ते रोज सकाळी आईंच्याच हातून गटारात जात होते. हे त्यांना सांगायची वेळ माझ्यावर आली. प्रज्योत भाजी आणायला म्हणून गेला तो तासभर आलाच नाही. मी सांगितलं. आईंनी हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे मीच मारतंय त्याला." तेव्हापासून पाणी मी बदलते. आई पुन्हा खिडकीकडे पाठ करून बसल्यात. मला तर रडू येतं, खरं सांगते. तो मासा गेला तर नवीन मासा मिळेल, साकीनाक्याला पोत्याने मिळतात. पण आई पुन्हा स्टूल ओढून बसतील असं मला वाटत नाही.

असो. इकडची खुशाली ही अशी. आई तुमची आठवण काढतात असं मी खोटं लिहिणार नाही. त्या काढत नाहीत. पण परवा टीव्हीवर गोराईचा किनारा दाखवला तेव्हा रिमोट माझ्या हातातून घेतला आणि तो संपेपर्यंत चॅनल बदललं नाही. हरेश्वरला आणि सूनबाईंना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
गंधाली

ता. क. पत्र खुशालीसाठीच लिहिलंय, पण लिहितेच आहे तर एक बारीकसं काम होतं. दुकानदार म्हणाला की आता एकच उपाय. जुन्या, चालत्या पेटीतला स्पंज आणून आमच्या पेटीत टाकायचा, न धुतलेला, जितका मळका तितका चांगला, म्हणजे त्यातले जंतू इकडे बिऱ्हाड करतील. मला काही कळेना, पण मुलुंडच्या आईच्या लगेच डोक्यात शिरलं. म्हणाली, "अगं मग विरजणच की. माग कुणाकडून तरी." तर मावशी, आमच्या माहितीत इतकी जुनी पेटी एकच आहे. आणि ज्या पाण्याला नावं ठेवली त्याच पाण्यातली घाण आम्हाला हवी आहे. तुमचे ते लाल मासे वर्षानुवर्षं टुणटुणीत आहेत ते उगीच नाही, हे आता कळलं. द्याल का?

ता. क. २. आईंना यातलं काही माहीत नाही आणि कळता कामा नये. स्पंज हरेश्वरच्या हाती द्या, तुमच्याच पेटीच्या पाण्यात बुडवून. (बर्फ घालू नका. तुम्हालाही सवय असेल म्हणून लिहिते.)

ता. क. ३. वाट लागली. आईंनी मला गाठलं. "एवढं काय लिवतंस?" म्हणत समोर बसल्या आणि सगळं पत्र वाचून घेतलं, पहिल्या ओळीपासून. सुकटीतल्या वाळूपाशी मी अडखळले तर म्हणाल्या, "पुढं." विरजणापर्यंत आले तेव्हा मला वाटलं, आता कागद फाडतात. त्या पेटीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मोतनचं पाणी जितं होतं गो. मी त्याला घाण म्हटलं. नि माझं एवढं धुतलेलं, ते मेलेलं." आणि कपाटातून बाजाराचं लुगडं काढायला सांगितलं.

ता. क. ४. तेव्हा हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. उद्या सकाळची मढची फेरी बोट, मग रिक्षा, मग मनोरीची बोट, असं करत पत्र आईच घेऊन येतायत. गुडघ्यानंतर पहिल्यांदाच जिना उतरणार आहेत. (प्रज्योत सोबत असेल, पण त्याला गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा हुकूम आहे.) म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा त्या तुमच्या दारात उभ्या असतील. माफी मागणार नाहीत, तुम्हाला स्वभाव माहीत आहे, पत्र हातात देऊन दुसरीकडेच बघतील. आधी त्यांना उंच खुर्ची द्या, खाली बसवू नका. हातातल्या डब्यात सुकट आहे, संध्याकाळभर बसून स्वतः चाळलीय, तीन तीनदा. भरलेला डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी मुलुंडच्या मुलीने तुम्हाला काय सांगावं. तेवढा डबा नुसत्या पाण्याने धुऊन घ्या. आत जे घालाल ते धुऊ नका.