माझं नाव, दुसऱ्याचे हात

प्रिय रेणू,

तीन दिवस तुझा फोन उचलत नाहीये, कारण बोलायला लागले की गोड गोड बोलून मोकळी होईन. लिहिताना तसं पळता येत नाही. अक्षर कोंबडीचे पाय आहे, हसू नकोस. स्कॅन करून पाठवतेय.

मागच्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली, तेव्हा रोज रात्री तूच मला धीर देत होतीस. इथे अमेरिकेत नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी व्हिसासाठी उभी राहिली नाही तर बॅगा भरायच्या. एकावन्नाव्या दिवशी यतीनकाकांनी जेवायला बोलावलं. त्यांची पार्सिपनीत आयटीवाली माणसं पुरवायची कंपनी आहे. मी दर गणपतीत त्यांच्याकडे मोदक वळायला जायची, नीलांबरीकाकूंनी मला तापात पेज करून भरवली होती. वाढलेल्या ताटाशेजारी त्यांनी करार ठेवला, एकवीस पानं. मी पहिलं पान उलटलं तशी काका म्हणाले, "अगं, घरचाच पेपर आहे, वाचत काय बसतेस? साइन करून टाक, वरण गार होतंय." वडीलधाऱ्यांसमोर त्यांचाच कागद वाचणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, हे आपल्याला कुणी शिकवलं देव जाणे. मी सही केली आणि वर वाकून नमस्कार केला. सहीपेक्षा त्या नमस्काराची मला जास्त शिसारी येते.

पहिलं काम सरळ होतं. मग काकांनी मला आणखी दोन कंपन्यांच्या मुलाखतींना बसवलं. त्या कंपन्या माझी परीक्षा घ्यायच्या, मला निवडायच्या, आणि काम करायचं भारतातलं कुणीतरी, माझ्या नावाने लॉगिन करून. मी फक्त मीटिंगला कॅमेऱ्यासमोर बसायचं. त्यातल्या एका कंपनीच्या, शॉमबर्ग गावच्या मॅनेजरबाईंनी एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाल्या, तुझ्यामुळे आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे रिपोर्ट वेळेवर निघतात. मी हसून थँक यू म्हटलं. ते काम मी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. कॅमेरा बंद करून मी बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, आणि दुपारी पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसले.

इथल्या लायब्ररीत शनिवारी एक वकीलबाई फुकट सल्ला देतात. शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. अंगणातलं गवत कापायचं काम घेतलं तर दुसऱ्याकडून कापून घेतलं तरी सहसा चालतं, गवत कापल्याशी मतलब. पण जिथे माणूस पारखून निवडलाय, तिथे त्याचं काम समोरच्याला न विचारता परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. आणि माझ्या सहीबद्दल म्हणाल्या, अडलेल्या माणसाकडून विश्वासातल्या वडीलधाऱ्याने दबाव टाकून घेतलेली संमती खरी संमती नव्हे. ते सिद्ध करावं लागेल, पण तसा करार मोडायचा हक्क तुझा. मी जरा सुखावले. मग त्यांनी विचारलं, हे कळून किती दिवस झाले? कारण कळूनही गप्प राहून पगार घेत राहिलीस, तर करार तुला मान्य होता असंच धरतील. मला कळून पाच महिने झाले होते, रेणू. त्या पाच महिन्यांत मी नवा सोफा घेतला. काकांनी मला एका जेवणापुरतं अडवलं, पुढे मला कोण अडवत होतं?

सोमवारी मी काकांना करार मोडल्याचं लेखी कळवलं आणि दोन्ही कंपन्यांनाही खरं लिहिलं. काकूंचा फोन आला, "खाल्ल्या मिठाला जागली नाहीस." बहुधा मला परत यावं लागेल. वकीलबाई म्हणतात, माझ्यावरही शेकेल. शेकू दे.

आता तुझं. काकांनी तुला जे 'रिमोट सपोर्ट'चं काम दिलंय, ज्याच्यासाठी तू कॉलेजातली कायमची नोकरी सोडतेयस, ते म्हणजे माझ्या नावाने लॉगिन करून बसणं. आधीचा माणूस सोडून गेला, म्हणून काका नवे हात शोधत होते. तू मला फोनवर विचारलंस, हे काका माणूस म्हणून कसे आहेत? मी म्हटलं, डोळे मिटून सही कर. तेव्हा काका माझ्यासमोर बसून ऐकत होते, हे खरं आहे. पण ते नसते तरी मी तेच म्हटलं असतं, कारण तू माझ्याहून हुशार आहेस आणि तू काम केलंस तर मी पकडली जाणार नाही, हा हिशोब मी मनात केला होता. तुझी सही माझ्या खोट्यावर घेतलेली आहे. अशी सहीसुद्धा मोडता येते, हे मी त्या बाईंना विचारून घेतलंय. भारतातल्या वकिलाला हे पत्र दाखव. राजीनामा शुक्रवारपर्यंत मागे घेता येतो, असं तूच म्हणाली होतीस. आज बुधवार आहे. आधी कॉलेजात जा, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. कुणी पुरावा मागितला तर हे पत्र पुढे कर, मला वाचवू नकोस. खाली पूर्ण नाव लिहून सही करतेय, ती त्याचसाठी.

तुला अजून चालत असेल तर, तुझीच,
यामिनी मनोहर देवस्थळी