डबा नावाच्या घोड्याची वारसनोंद

मी, खाली सही करणारा मुजम्मिल रफिक तांबोळी, वय वर्षे बावीस, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा दुसरे वर्ष (अपुरे), धंदा सध्या काही नाही, राहणार जळोची, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने, कोणाच्या दाबदडपणाखाली न येता, उजव्या मांडीचे हाड सोडून बाकी सर्व शाबूत असताना लिहून ठेवतो. दुखणे थांबायचे इंजेक्शन सकाळी दिले होते. त्याची गुंगी पूर्ण उतरल्यावरच लिहायला बसलो आहे, म्हणून माझी बुद्धी ठिकाणावर होती असे धरून चालावे.

कारण असे की, उद्या सकाळी मांडीत रॉड टाकायचे ऑपरेशन आहे. त्यासाठी दवाखान्याने एक फॉर्म दिला. त्यात छापले आहे की, या शस्त्रक्रियेत जिवाला धोका संभवतो हे मला समजले आहे. अब्बा म्हणाले, "सगळ्यांकडनंच घेत्यात सही, वाचू नको." मी वाचला. वाचल्यावर मला भीती वाटली नाही, पण एक गोष्ट राहून जाईल असे वाटले. ती कलम ५ मध्ये आहे. बाकीची कलमे कागद कायदेशीर दिसावा म्हणून घातली आहेत, तरी तीही खरी आहेत.

हा नमुना मला माझा मित्र शंभूराज गावडे, राहणार काटेवाडी, याने सांगितला. तो कोर्टाबाहेर टायपिंगच्या टेबलावर बसतो. त्याने दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, आमच्यात वसियतीने एक तृतीयांशच माल बाहेर देता येतो, बाकीचा वारसांचा. दोन, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करायचे नाही, नाहीतर त्याचे मिळणे रद्द होते. दुसरा नियम आम्हाला लागतो की नाही हे त्याला नक्की ठाऊक नाही. पण तो म्हणाला, "उगं कशाला लफडं. पाळून टाक."

कलम १. माझी मोटरसायकल, पुढचे चाक वाकलेले, अब्बांना द्यावी. ती काटेवाडीच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरमधून सांडलेल्या पाचटावरून घसरली. यात ट्रॅक्टरवाल्याचा दोष नाही, त्याच्यावर कोणी केस करू नये. मी इंदापूरहून रागात येत होतो. खरे सांगायचे तर जाताना रागात होतो. येताना राग उरला नव्हता, त्यामुळे लक्ष नव्हते. इंदापूरला का गेलो होतो ते पुढे येईल.

कलम २. मोबाईल अम्मीला द्यावा. त्यातले फोटो कोणी बघू नयेत. अम्मी बघणारच, म्हणून सांगून ठेवतो की त्यात जे जळोचीच्या रस्त्याचे अठ्ठावीस फोटो आहेत ते रस्त्याचेच आहेत. कोपऱ्यात कोणी दिसले तर तो योगायोग समजावा.

कलम ३. माझे ड्राफ्टर, रोलर स्केल आणि ड्रॉइंग शीटची नळी कॉलेजातल्या कोणाही गरजू मुलाला द्यावी. ज्या सरांनी मला भर वर्गात "तुझ्या हातनं सरळ रेघ निघायची न्हाय" म्हटले, त्यांचे नाव मी घेत नाही. ड्रॉइंग बोर्ड मी जिन्यावरून फेकला हे खरे. तो कोणाला लागला नाही हेही खरे. सॉरी म्हणालो असतो तर परत घेतले असते, असे शिपाई मला सांगत होता. मी म्हणालो नाही. माझ्या आयुष्यात मी सॉरी न म्हटल्याचे दोन प्रसंग आहेत. त्यातला हा लहान. (येथे दीड ओळ खोडली आहे. ती मीच खोडली आहे. मु. तां.)

कलम ४. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, सिकंदर तांबोळी, यांना माझ्याकडून वस्तू काही नाही, कारण त्यांना काही लागत नाही. त्यांना मी कबुली देतो.

दादांनी बारामतीत छत्तीस वर्षे टांगा हाकला. घोडे ते अकलूजच्या बाजारातून आणत. त्यांची घोडा पारखायची रीत अशी. आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघायचे, मग दात, मग खूर, हे सगळेच बघतात. शेवटी दादा खिशातून लहानसे दांडके काढून घोड्याच्या मागे उभे राहायचे आणि रिकामा तेलाचा डबा जोरात वाजवायचे. उधळला तो घोडा सोडायचा, मग तो कितीही पांढराशुभ्र असो. थिजून उभा राहिला तोही सोडायचा. ज्याने फक्त एक कान मागे केला आणि चारा खात राहिला, तो घ्यायचा. घेताना दावे मालकाने गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. खुंट्याला बांधलेले दावे आपण सोडून आणायचे नाही. दादा म्हणतात, "तसा आणलेला घोडा आपला व्हत न्हाय, रस्ता सापडला की माघारी जातो."

मी हे लहानपणापासून हजार वेळा ऐकले आणि हजार वेळा हसलो. दादा, तुमचे बरोबर होते. गेममध्येसुद्धा.

कलम ५. हे मुख्य कलम आहे.

जळोचीत मुन्ना बागवान यांचे गेमिंग सेंटर आहे. कॉलेज सुटल्यावर मी रोज तिथे. काउंटरवर संध्याकाळी मुन्नाभाईंची बहीण मेहजबीन बसायची, बी.कॉम. तिसरे वर्ष. तिथे एक अमेरिकेच्या जुन्या काळचा गेम आहे. बंदुकवाले घोडेस्वार, डोंगर, नद्या, बर्फ, सगळे मोकळे, हवे तिकडे घोडा न्यावा. त्यात घोडा मेला की मेला, परत मिळत नाही. आम्ही दोघे मिळून एकच गेम खेळायचो. थोडा वेळ ती, थोडा वेळ मी. लढाया माझ्याकडे, घोडे तिच्याकडे.

मेहजबीनचा घोडा टेनेसी वॉकर जातीचा होता. त्या गेममधली ही सगळ्यात साधी जात. रंग तांबूस तपकिरी, दादांच्या भाषेत कुमैत, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा. तिने तो कसा निवडला? दादांची रीत मी तिला एकदा टिंगल म्हणून सांगितली होती. तिने ती टिंगल म्हणून ऐकली नाही. तबेल्याजवळ जाऊन एकेका घोड्यामागे हवेत गोळी झाडली. सगळे पळाले. या एकाने कान हलवला. तिने त्याचे नाव डबा ठेवले.

मी इंटरनेटवरच्या याद्या वाचणारा माणूस. सर्वांत चांगली जात कोणती यावर माझा अभ्यास होता. वेग, दम, वळण, सगळे आकडे पाठ. त्या याद्यांत पांढरा अरेबियन सगळ्यात वर. तो बर्फाच्या डोंगरात मोकाट असतो, त्याला जाऊन पकडावे लागते. मी तीन दिवस घालवून तो पकडला. तबेल्यात आणला तर जागा नव्हती. एक घोडा काढावा लागणार होता.

मी डबा विकला. विचारले नाही. गेम त्यावरच साठवला गेला, म्हणजे माघारी जायची वाट बंद.

दुसऱ्या दिवशी ती खेळायला बसली. तबेला उघडला. माझ्याकडे न बघता विचारले, "डबा कुठं हाय?"

मी म्हणालो, "विकला. त्याच्या जागी अरेबियन हाय. बघ तरी, पळतो कसा."

"मला विचारलं का?"

"त्यात विचारायचं काय? हलकी जात ती. गाढव नुसतं."

"दहा महिनं त्या गाढवानं तुला एकदा तरी पाडलं का?"

आता इथे माणूस गप्प बसतो. मी बसलो नाही. गिऱ्हाइके होती, मुन्नाभाई होते, सगळ्यांसमोर मी ओरडलो की व्हिडिओतल्या घोड्यासाठी रडणाऱ्या पोरींनी खेळू नये. ती रडत नव्हती. तिने रिमोट टेबलावर ठेवला, पुसून. मुन्नाभाईंनी मला दंड धरून बाहेर काढले आणि म्हणाले, "इथनं पुढं यायचं न्हाय." त्यांच्यावर माझा राग होता, तो या कागदाने मी मागे घेत आहे. त्यांच्या जागी मी असतो तर दंड धरून थांबलो नसतो.

त्या अरेबियनचे पुढे काय झाले तेही लिहितो. मी घरी जुना कन्सोल आणला, सेंटरवरचा तो गेम माझ्याच खात्यावर होता तो त्यात उतरवला आणि अरेबियनवर चढलो. साप दिसला की पाडायचा. लांडगा ओरडला की पाडायचा. रेल्वेची शिट्टी झाली आणि तो मला रुळावर टाकून उधळला, गाडीखाली आला. दादा मागे खाटेवर बसून बघत होते. एवढेच म्हणाले, "डबा वाजवला नव्हतास."

मी सर्व याद्या वाचून, तेरा जाती वापरून आणि एक माणूस गमावून या निष्कर्षाला आलो आहे की, त्या गेममधली सर्वांत चांगली जात टेनेसी वॉकर आहे, आणि त्यातही मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा असलेला. यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी माझ्या पश्चात घालावा.

नंतर मी गेम पहिल्यापासून सुरू केला. सात महिने. तसाच कुमैत, तसाच मोजा मिळेपर्यंत तबेले पालथे घातले. मिळाल्यावर मागे गोळी झाडली. कान हलला. त्याच्यावर बसून मी एकही लढाई केली नाही. नदीकाठाने चालवला, खरारा केला, सफरचंदे चारली. जीव लागायच्या चार पायऱ्या असतात त्या गेममध्ये, चारही पूर्ण आहेत. त्याचे नाव मी ठेवलेले नाही. नावाची जागा रिकामी आहे.

तर, सदर घोडा, खोगीर व लगामासह, आणि तो ज्यात आहे तो कन्सोल, दोन्ही रिमोट, मी कु. मेहजबीन बागवान हिला देतो. घोड्याची बाजारात किंमत शून्य आहे आणि कन्सोल जुना आहे, त्यामुळे एक तृतीयांशात बसते. वारसांनी हरकत घेऊ नये. सोबत, जिन्यावरच्या बोर्डापेक्षा मोठा तो दुसरा सॉरी.

कलम ६. इंदापूरबाबत. तिथल्या एका मुलाचे स्थळ मेहजबीनला आले आहे. मागच्या रविवारी बघून गेले, उत्तर अजून दिलेले नाही. हे कळल्यावर मी त्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर गेलो, मनात चांगले काही नव्हते. त्याने मला गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारले, "घोड्यातलं काय कळतं का?" तो म्हणाला, "न्हाय बा. बेअरिंगमधलं कळतं. का हो?" चांगला मुलगा आहे. मला त्याला मारता आले नाही. मोटरसायकलची चेन सैल आहे हेही त्यानेच दाखवले आणि घट्ट करून दिली. कलम ५ चा आणि त्या स्थळाचा संबंध कोणी जोडू नये. तिचे लग्न कुठेही झाले तरी घोडा तिचाच.

कलम ७. मी ऑपरेशनमधून वाचलो तर हा कागद रद्द समजावा, कलम ५ सोडून.

पुरवणी, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लिहिलेली. साक्षीदारांबाबत खुलासा.

शंभूराजची सही झाल्यावर दुसरा साक्षीदार शोधत होतो. तेवढ्यात मुन्नाभाई बघायला आले. माझी दाढी झालेली नव्हती. त्यांच्यामागे मेहजबीन होती, हातात मोसंब्यांची पिशवी. मुन्नाभाई पायाकडे बघून म्हणाले, "लई हुशारी केलीस," आणि डॉक्टरांना भेटायला गेले.

शंभूराजला काही सुचले नाही. त्याने तिच्यापुढे कागद आणि पेन धरला. "एक सही पाहिजे होती, साक्षीदार म्हणून."

ती म्हणाली, "वाचल्याबिगर करत न्हाय मी." खिडकीपाशी उभी राहून तिने पहिल्यापासून वाचला. मी छतावरचा पंखा बघत होतो. तिने पाने उलटल्याचे मी मोजले. कलम ५ ला तिला वेळ लागला. कलम ६ ला ती हसली की काय मला सांगता येत नाही, माझ्याकडे पाठ होती.

मग विचारले, "गोळी किती वेळा झाडलीस?"

"तीनदा."

"आणि?"

"एकच कान."

तिने कागद टेबलावर ठेवला, पेनाचे टोपण काढले आणि शंभूराजने दाखवलेल्या जागी हात नेला. मला नियम पाळायचा होता, म्हणून मी बोललो. म्हणालो, "थांब. सही केलीस तर घोडा मिळायचा न्हाय. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

तिने शंभूराजकडे बघितले. "खरं का?"

शंभूराज म्हणाला, "तसंच धरून चाला."

तिने टोपण लावले. "मग मी न्हाय करत. दुसरं कुणी बघा."

पिशवीतून एक मोसंबे काढून तिने टेबलावर ठेवले, कागद उडू नये म्हणून. दारात थांबून म्हणाली, "आणि दावं हातात द्यायचं असतं. दादांनी सांगितलंय ना? कागदावर सोडलेला मी नेत न्हाय. बाहेर ये, मग घेते."

त्यानंतर वॉर्डातल्या लीलाबाई खोमणे चादर बदलायला आल्या. शंभूराजने विचारले तर म्हणाल्या, "यात मला काय मिळणार हाय का?" शंभूराज म्हणाला, काही नाही. "मग आण हिकडं," म्हणाल्या, आणि सही केली.

इंदापूरला काय कळवणार आहेत ते विचारायचे राहिले. मी विचारले नाही हे बरे केले, असे लीलाबाईंचे मत आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे, खोडलेल्या ओळींसह मान्य आहे. आता ते मला न्यायला आले आहेत.

लिहून देणार: मुजम्मिल रफिक तांबोळी (सही)

साक्षीदार १: शंभूराज गावडे, काटेवाडी (सही)

साक्षीदार २: लीलाबाई खोमणे, कोऱ्हाळे बुद्रुक (सही). यांना या कागदातून काहीही मिळणार नाही.

मेहजबीन बागवान, जळोची, यांनी कागद संपूर्ण वाचला आहे. त्यांची सही नाही.

ठिकाण: बारामती
तारीख: १८ डिसेंबर २०२५