ओवा मी जाळला नव्हता

आई, तुझा पानओवा माझ्या हातानं जळला नव्हता. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आता भांडायला समोर कोण नाही म्हणून बोलते असं समजू नकोस. असतीस तरी बोलले असते. हुपरीच्या घरी मागल्या दारात तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तो होता. पाहुणे आले की त्याची भजी, कुणाला खोकला झाला की पान तव्यावर शेकून रस मधातून. पैंजणाला घुंगरं जोडता जोडता तू उठायचीस आणि त्याला तांब्याभर पाणी घालायचीस, सकाळ-संध्याकाळ. मी तेरा वर्षांची, नुकतीच महिन्याची बाहेर बसायला लागलेली. शेजारची चाची नातवाच्या खोकल्याला पानं मागायला आली. तुझे हात गुंतलेले, म्हणून बाहेर बसलेली असूनही मीच चार पानं खुडून दिली. आठवड्यात ओवा काळा पडून लोळला. चाची परत आली तेव्हा तिच्यादेखत तू म्हणालीस, "ही शिवली त्याला. हिच्या हातानं जळला बघा." चाची खाली मान घालून गेली. लग्न होईपर्यंत मी कुठल्याच झाडाला हात लावला नाही, पाळी असो की नसो.

सासरी शाहूपुरीत आल्यावर गच्चीवर मुद्दाम ओवाच लावला. मुद्दाम त्याच चार दिवसांत खुडते. तुझ्या श्राद्धाला एकदा नेमके ते दिवस आले, तरी भजी मीच तळली, मीच वाढली. कर काय करायचं ते! पहिला ओवा मात्र माझाही गेला, तेव्हा तुझंच खरं वाटलं आणि डबा उचलून नर्सरीत नेला. नर्सरीवाल्यानं डबा उलटा करून बघितला आणि म्हणाला, "वैनी, डब्याला भोक न्हाय. मुळं कुजल्यात की." आई, तुझ्याही डब्याला भोक नव्हतं. एवढं पाणी घालायचीस, पण खालची फरशी कायम कोरडी असायची. जळला नव्हता तो, कुजला होता, आणि तुझ्या तांब्यानं. मला तेवढं एकदा म्हणायचं होतं.

एवढं लिहून कागद मसाल्याच्या डब्यामागं ठेवून देणार होते, पण एक राहिलं. परवा माझ्या लेकीला पहिल्यांदा पाळी आली. ती गच्चीवर पानं आणायला निघाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओव्याला शिवू नको." ती थांबली, का म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, जा, खुड. ती गेली. जाताना नळावर थांबून साबणानं हात धुतले तिनं, आणि मी बघत राहिले.