पैऱ्याचं कार्ड

चौल,
मंगळवार

आदरणीय रामचंद्र दाजी यांना धाकटा मेहुणा सीताराम याचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडे तुम्ही, केसरताई, दोन्ही मालवाहू ट्रेलर आणि तुमचा उजवा गुडघा सुखरूप असाल असं धरून चालतो. (गुडघ्याला गरम विटेचा शेक देत जा. डॉक्टरला विचारू नका, तो नको म्हणेल.) पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, तेव्हा ताईच म्हणाली, "फोन न्हाय घ्यायचे ते. चिठी लिव. चिठी हाय म्हटल्यावर वाचल्याबिगर राहायचे न्हाय." म्हणून हा कागद.

आमची प्राप्ती कॉम्प्युटरवर खेळते, हे तुमच्या कानावर असेलच. खेळते म्हणजे वेळ घालवते असं नव्हे. कॉलेजातल्या चार पोरींचा संघ आहे, ती त्यांची कप्तान आहे, आणि येत्या रविवारी ऑनलाइन सामना आहे. जिंकल्या तर पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा, हरल्या तर घरी. पोरगी महिनाभर धड जेवलेली नाही. (ताईला हे सांगू नका, डबे पाठवत बसेल.) तिच्यासाठी नवा कॉम्प्युटर जुळवायचा ठरला तेव्हा मी तिला म्हणालो, तू फक्त खेळ, जोडी जुळवायचं काम बापाकडे दे. तीस वर्षं शर्यतीच्या गाडीला बैल जुळवणाऱ्या माणसाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जुळवायला कितीसा वेळ लागणार?

तुम्हाला यातलं कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. (मलाही गेल्या महिन्यापर्यंत कळत नव्हतं, पण मला लवकर कळतं.) प्रोसेसर हिशेब करतो : शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडं की बंद. कार्ड त्या हिशेबावरून चित्र काढतं. दोघांची चाल सारखी हवी, नाहीतर एक पुढे ओढतो आणि दुसरा फरफटतो. अलिबागच्या दुकानदाराने हे मला दोनदा समजावलं. मी त्याला हसून सांगितलं, बाबा रे, जोडीचं तू मला शिकवू नकोस. मग मी कार्ड निवडलं, बैल निवडतात तसंच. रुंद छाती, तीन पंखे, दिवे असे की गोठ्यात ठेवलं तर म्हैस आटेल. प्रोसेसरचं म्हणाल तर तो डबीएवढा असतो आणि पेटीत गेल्यावर कोणाला दिसतही नाही. तेव्हा घरातला नऊ वर्षांचा जुनाच राहू दिला. जुनं जनावर घरच्या माणसांना ओळखतं.

पहिल्या दिवशी चित्र असं स्वच्छ की खेळातल्या भिंतीवरचा ओलावा दिसत होता. पण भांडणाची वेळ आली, दहा माणसं एका जागी जमली, की पडदा क्षणभर थिजायचा, आणि पुन्हा हलेपर्यंत प्राप्ती मेलेली असायची. (खेळात.) मी घाबरलो नाही. दमला असेल म्हणून यंत्राला एक दिवस विश्रांती दिली. उकडत असेल म्हणून पेटीचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तेव्हा प्राप्तीच्या वह्या उडाल्या, बाकी फरक पडला नाही. मग खुराक वाढवला, म्हणजे रॅम दुप्पट केली. तरी तेच. शेवटी प्राप्तीने पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून दाखवले. प्रोसेसर शंभर टक्के कामाला जुंपलेला, तोंडाला फेस, आणि कार्ड पस्तीस टक्क्यांवर उभं राहून रवंथ करत होतं. हिशेबच येईना तर बिचारं चित्र कशाचं काढणार? प्राप्तीने आकडे बंद केले आणि पुन्हा सरावाला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, दाजी.

नवा प्रोसेसर आणायचा तर त्याला नवा बोर्ड लागतो, नव्या बोर्डाला वेगळी रॅम लागते, आणि दुकानात माल येणार पुढच्या आठवड्यात. अर्थात यात माझी निवड चुकली असं म्हणता येणार नाही. कार्ड उत्तमच आहे, त्याला तोलाचा जोडीदार मिळाला नाही इतकंच.

यावरून आपली दोन वर्षांपूर्वीची किनाऱ्यावरची शर्यत आठवलीच, तर तिचंही सांगून टाकतो. माझा पाखऱ्या आणि तुमचा हरण्या पैऱ्याने, दोघांनी एकेक बैल घालून, एका गाडीला जोडले होते, आणि गाडी निशाणाकडे जायची ती समुद्रात गेली. त्यानंतर हरण्याविषयी मी जे बोललो ते फक्त माझ्या गाडीवानाला ऐकू जावं इतक्या हळू बोललो होतो. समोर माइक चालू होता आणि सगळ्या किनाऱ्याने ते ऐकलं, ही आयोजकांची चूक. त्यांना मी दुसऱ्याच दिवशी खडसावलं.

असो. पत्र लांबलं. नारळ यंदा बरे आहेत. ताईला आणि घरातल्या सगळ्यांना आठवण सांगा.

तुमचा,
सीताराम

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. ट्रेलरची बिलं काढायला तुम्ही ऑफिसात जो कॉम्प्युटर घेतलाय, त्यात नव्या पिढीचा आठ कोअरचा प्रोसेसर आहे, आणि त्यावर ताई दुपारी पत्ते लावते, असं कळलं. इतकं तगडं जनावर दारात बांधून ठेवणं बरं नाही. आपण पैरा करू. प्रोसेसर तुमचा, कार्ड माझं. तुमचा प्रोसेसर माझ्या बोर्डात बसत नाही, तेव्हा कार्डच तुमच्याकडे आणावं लागेल. सोबत प्राप्ती येईल आणि मी येईन. जादा ताकदीचा पॉवर सप्लायही आणतो. तुमच्या पेटीत कार्ड मावणार नाही, पण झाकण उघडं ठेवायचा मला सराव आहे. रेवसहून लाँचने करंजाला उतरून उरणला तुमच्याकडे येऊ, कार्ड मी मांडीवर घेऊन बसेन. पैऱ्यात गाडी ज्याची, नावही त्याचंच पुकारतात. मी संघाच्या नावात तुमचं गाव घालायला प्राप्तीला सांगितलंय.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात प्राप्तीने हाक मारली. तिने कुठल्याशा सेटिंगमध्ये जाऊन कार्डाला वेसण घातली : प्रोसेसरला झेपतील तेवढीच चित्रं काढ, जास्त नको. पडदा थिजायचा थांबला. अर्धा तास खेळली, एकदाही अडखळली नाही. रविवारपुरतं एवढं पुरेल, उरणला जायची गरज नाही, असं ती म्हणते.

मी तिला सांगितलं, मुळीच पुरणार नाही. शनिवारी दुपारी जेवायला येतोय.